केळीवाल्यांचं पार्क

मी गच्चीवर गहू वाळत घालत होते, तेव्हा फोन आला. जनपद पंचायतीच्या ऑफिसातला नवा बाबू होता. "भाऊंना सांगा, पार्क मंजूर झालं! सरकारी अनुदान आलं!"

पार्कासाठी ह्यांनी त्या ऑफिसात किती खेटे घातले होते. ह्यांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

मी म्हटलं, "सांगते."

गावाच्या पार्क समितीत ह्यांच्या जागी मला घेतलं. ह्यांचं पार्क पुरं व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं. किस्से जमवायला कोणी बसलं नव्हतं. ते आपोआप साठत गेले.

*

आधी सावलीची झाडं. आमचं गाव बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनारकडचं, सगळे केळी पिकवणारे. एका रविवारी सगळ्यांनी मिळून कडुलिंब आणि करंज लावले, ड्रिपसुद्धा टाकली. केळीच्या अंतरावर, पाच-पाच फुटांवर!

बुऱ्हाणपूरहून इंजिनियर साहेब आले. "अरे भाई, ये पार्क है या जंगल?"

समितीतले राजाराम अण्णा म्हणाले, "साहेब, वावर रिकामं दिसलं तर लोक हसतात आम्हाला!"

*

मग फिरायला गोल ट्रॅक झाला. अण्णांनी तो उभ्याउभ्याच पाहिला.

"फिरून परत इथंच यायचं ना? मग मी आलेलोच आहे!"

*

झोपाळे लागले त्या संध्याकाळी सरपंचबाईंच्या सासूबाई पहिल्या जाऊन बसल्या. मागे पोरांची रांग.

"आजी, उतर ना! ये बच्चों का है!"

"लहानपणी मला कोणी बसू दिलं नाही. माझा नंबर तुझ्या आधीचा आहे!"

*

बाकं अनुदानात नव्हती. ती गावकऱ्यांनी दिली, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं. पेंटर गणेश सकाळपासून प्रत्येक नावाआधी 'स्वर्गीय' लिहीत चालला होता. राजाराम अण्णांनी मात्र बाक स्वतःच्याच नावानं दिलं होतं. हाताच्या सवयीनं तिथंही 'स्वर्गीय' पडलं!

अण्णा आले, वाचलं, आणि बाकाच्या कडेला बसले. गणेश चिंधी घेऊन धावला. "अण्णा, रंग ओला आहे, आत्ता पुसतो!"

"राहू दे रे. वेळेवर तू कधी सापडतोस?"

सगळे हसले. मीही.

गणेश शेवटच्या बाकापाशी गेला. "वहिनी, भाऊंचं पूर्ण नाव सांगा. आधी तेच लिहू ना, स्वर्गीय?"

"उद्या लिही," मी म्हटलं.

पार्क सुरू होऊन पावसाळा उलटून गेला. त्या बाकावर अजून नाव नाही.