मंगळवारचा डबा

आमच्या कंपनीच्या बसला चाकणहून पिंपळे गुरवला पोचायला कधी तास लागतो, कधी दोन. मोशीला गाडी अडकली की माणसं बोलायला लागतात, आणि अठरा वर्षं असं बोलल्यावर किस्से साचणारच! मी मंगल. पॅकिंगला आहे आणि सेक्शनमधल्या सगळ्या याद्या मीच करते. वर्गणीची यादी, सहलीची यादी, लग्नाच्या आहेराची यादी. पूर्वीचे किस्से सांगताना आम्ही पोट धरून हसायचो. हे भगवानचे किस्से सांगतानाही हसतो, पण मध्येच कुणीतरी खिडकीबाहेर बघायला लागतं.

भगवान आमच्याच टेबलावरचा, लातूरकडचा. त्याची बायको रेखा. तिला कॅन्सर निघाला आणि घरातला एकेक जिन्नस विकला जायला लागला.

* * *

पहिली गेली मोटरसायकल. जेमतेम दोन वर्षांची, रोज सकाळी पुसायचा. एक दिवस स्वारी बसमध्ये हजर!

"काय रे, गाडी कुठंय?"

"कंबर दुखायली ताई. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवू नका."

लगेच सगळ्यांनी उपाय सांगितले. कुणी तेल दिलं, कुणी पट्टा आणून दिला. बिचारा महिनाभर तो पट्टा शर्टावरून बांधून यायचा, सगळ्यांना दिसावा म्हणून. एकदा गडबडीत त्याच्याकडून राहिला, तर खोकी उचलताना स्वतःच दचकला आणि कंबरेवर हात ठेवून "आई गं!" म्हणाला.

रेखाला ठेवलेल्या हॉस्पिटलात औषधांच्या काउंटरवर माझी भाची कामाला होती, त्यामुळे गाडी कुठं गेली ते आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण पट्ट्याची चौकशी आम्ही रोज करायचो. त्याचा तेवढा मान ठेवायलाच हवा होता.

* * *

आमचं काम म्हणजे कारच्या दरवाजाच्या बिजागऱ्या तपासून खोक्यात भरायच्या. प्रत्येक खोक्यावर आपापल्या नंबरचं स्टिकर लावायचं. खोकी कमी भरली की इन्सेन्टिव्ह कापला जातो. भगवान हॉस्पिटलात जागून यायचा, उभ्याउभ्या डुलक्या घ्यायचा. मग आम्ही प्रत्येकानं दोन-दोन खोकी जास्त भरायची आणि वर त्याचं स्टिकर चिकटवायचं, असं ठरवलं. यादी अर्थात माझी! भगवानला पत्ता नाही. त्याला वाटायचं, झोपेतसुद्धा आपला हात चांगला चालतो.

पुढं इतकी सवय झाली की रेखाच्या केमोला तो रजेवर होता, त्या दिवशीसुद्धा त्याची खोकी भरून तयार! आमचे सुपरवायझर देशमुख साहेब आकडे बघत आले. साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला.

"मंगलताई, हा भगवान रजेवर असला की जास्त काम करतो, नाही?"

एवढं बोलून ते स्टिकर स्वतःच्या हातानं उचकटत बसले. एकेक करून सगळी. कुणाकडं तक्रार नाही, काही नाही.

* * *

तुकाराम अण्णा आमच्यात सगळ्यात वडील. चाकणजवळच्याच गावचे, त्यामुळे आमच्या बसला नसतात, स्कूटरवर येतात. घरची थोडी शेती आहे. त्या साली अण्णांनी कांदा विकला आणि आलेले पैसे तसेच भगवानच्या खिशात कोंबले. घरी काकूंना सांगितलं, "भाव पडला. गाडीभाडंबी सुटलं न्हाई."

तिसऱ्या दिवशी काकू कंपनीच्या गेटवर! जेवणाची सुट्टी होती, आम्ही सगळे बाहेरच. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"भाव पडला व्हय?" काकू कडाडल्या. "शेजारच्या आळीत पेढं वाटत्यात कांद्याचं, आन आमचाच तेवढा पडला?"

अण्णा बुटाकडं बघत म्हणाले, "त्या भगवानची बायकू..."

"म्या काय इन्कम टॅक्सवाली हाय का माझ्यापास्नं लपवाया?" असं म्हणून त्यांनी कमरेची पिशवी काढली. कोंबड्या विकून जमवलेले त्यांचे पैसे. भगवानच्या हातात देऊन म्हणाल्या, "आन डब्याचं कोन बघतंय रं तिचं?"

डब्याचं कुणीच बघत नव्हतं. मला लाज वाटली. एवढ्या याद्या केल्या आणि हीच राहिली होती!

* * *

डब्याची यादी त्याच दिवशी बसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागं चिकटवली. सोमवार माझा, मंगळवार अण्णांचा, असे वार ठरले. अण्णा संध्याकाळी बस सुटताना माझ्या खिडकीतून पिशवी आत द्यायचे. काकूंची बाजरीची भाकरी आणि पिठलं.

आता डबा आणि भगवान हॉस्पिटलला वेळेत पोचायला हवेत. हॉस्पिटल पडलं बसच्या रस्त्याच्या बाहेर. आमचे ड्रायव्हर रशीदभाई कुणाला न विचारता नाशिक फाट्यावरून बस तिकडं वळवायला लागले. आठ दिवसांत ऑफिसातून बोलावणं आलं. मॅनेजर साहेबांच्या कॉम्प्युटरवर बस कुठं जाते ते दिसतं.

"रोज हॉस्पिटलच्या गेटपाशीच कसं ट्रॅफिक लागतं हो तुम्हाला?"

रशीदभाई म्हणाले, "साहेब, तिथं लोक मजेनं येत नाहीत. गर्दी तर असणारच."

आम्ही धसका घेतला होता. पण दुसऱ्या सकाळी रशीदभाईंना नवा रूट छापून मिळाला. त्यात एक थांबा वाढला होता!

* * *

सकाळी बसमध्ये चढला की भगवान बातमी द्यायचा. "काल अर्धी भाकरी खाल्ली!" मग सगळी बस खूश. एका बुधवारी तो पायरीवरूनच ओरडला, "दीड भाकरी खाल्ली की ताई! पिठलं पुसून खाल्लं!" लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. रशीदभाईंनी हॉर्न दिला.

पुढच्या मंगळवारी मीही त्याच्याबरोबर हॉस्पिटलात वर गेले. तो औषधं आणायला खाली गेला होता. रेखानं मला डबा उघडायला सांगितला. तोंड जवळ नेऊन भाकरीचा वास घेतला, डोळे मिटून, बराच वेळ. मग म्हणाली, "द्या आजींना."

शेजारच्या खाटेवर जुन्नरकडच्या एक आजी होत्या. त्यांचा मुलगा फक्त रविवारी येऊ शकायचा. आजींनी भाकरी पिठल्यात कुस्करली आणि खायला लागल्या. रोजचंच असावं.

"माझ्या घशाखाली पाणी उतरंना ताई," रेखा म्हणाली. "पण ह्यांना सांगू नका. रिकामा डबा बघून त्यांना झोप लागते."

भगवान आला. रिकामा डबा हलवून बघितला आणि माझ्याकडं बघून हसला. आजींनी पदरानं तोंड पुसलं. मी जिन्यात येऊन रडले. अठरा वर्षांत माझ्या पोटात काही राहिलं नाही, पण हे राहिलं.

* * *

त्यानंतर तीन आठवड्यांनी रेखा गेली. भगवान तिला घेऊन गावी गेला, आम्ही काही जण जाऊन आलो.

दिवस उरकून तो कामावर रुजू झाला तो मंगळवार होता. दिवसभर खाली मान घालून खोकी भरली. आमच्या जास्तीच्या खोक्यांवर आम्ही त्याचं स्टिकर लावायला गेलो, तर म्हणाला, "आता माझी मी लावतो." म्हणजे स्टिकरचं त्याला ठाऊक होतं!

संध्याकाळी तो बसमध्ये माझ्या शेजारी बसला. बस सुटायला लागली आणि अण्णा मंगळवारच्या सवयीनं धावत खिडकीशी आले. "धर," म्हणून पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, आणि मग त्यांना शेजारी भगवान दिसला. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. चूक माझी. यादी मी काढायला हवी होती, माझा हात धजला नव्हता. पिशवी मी घाईनं सीटखाली सरकवली आणि वर ओढणी सोडली. बाजरीच्या भाकरीचा वास काही ओढणीनं झाकत नाही.

नाशिक फाटा आला. रशीदभाईंनी सवयीनं बस वळवली. सगळ्यांच्या लक्षात आलं, पण बोलायचं कुणी? त्यांच्या ध्यानात आलं ते थेट हॉस्पिटलच्या गेटपाशी, ब्रेक दाबल्यावर. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "माफ कर भावा," एवढंच म्हणाले आणि गिअर टाकायला लागले.

भगवान उठला. वाकून त्यानं माझ्या सीटखालची पिशवी ओढून काढली.

"थांबा रशीदभाई," तो म्हणाला. "मंगळवार आहे. आजी जेवायच्या थांबल्या असतील."