टेपाडामागचा ढीग

कोंढ्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडला की नदीच्या अंगाने एक जुना डांबरी रस्ता जातो. त्यावर गाड्या नसतात, कारण तो आता कुठेच पोचवत नाही. धरणाचं पाणी वर चढलं, काठची गावं उठून दुसरीकडे गेली, आणि हा रस्ता सागाच्या झाडांमधून बराच वेळ चालत जाऊन सरळ पाण्यात उतरतो. मी आणि माझे मिस्टर, दोघंही निवृत्त झाल्यापासून, हिवाळ्यात सायकलींना थैल्या लटकवून तिकडे जातो. मी शाळेत शिकवत होते, ते कृषी सहायक होते. भंडाऱ्याहून पहाटे निघायचं, या रिकाम्या रस्त्याने पाण्यापर्यंत जायचं, मागे फिरून पवनीला नणंदेकडे मुक्काम करायचा, आणि दुसऱ्या दिवशी परत.

माझा स्वभाव किळसवाणा आहे असं घरचे म्हणतात, म्हणजे मला किळस लवकर येते. दुसऱ्याच्या ग्लासातून मी पाणी पीत नाही. वर्गात पोरांची नखं तपासताना मी हात मागे घ्यायची. त्यामुळे त्या सहलीतही माझा अर्धा जीव नाकात असायचा. नदी हिरवीगार, शेवाळाचा थर साईसारखा, त्यावर जलकुंभी. वारा तिकडून आला की नाली उघडल्यासारखा वास. याच पाण्यातून लहानपणी आम्ही ओंजळीने प्यायलो आहोत, हे आठवलं की आजही घशाशी येतं. मिस्टर म्हणायचे, "तू पाण्याकडे कायले पायतं? झाडाकडे पाय ना." मी झाडांकडे बघत पेडल मारायची.

पाण्याच्या थोडं अलीकडे, उजव्या हाताला, विटांचं एक टेपाड आहे. फार जुन्या काळी तिथे स्तूप होता. एकेक वीट हातभर लांब. कधीतरी कोणी खोदकाम केलं, एक पाटी लावली, पाटी गंजली. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमचं घर बौद्ध. मी तिसरीत असताना वडिलांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून इथे आणलं होतं. त्यांनी चप्पल काढली, मलाही काढायला लावली, आणि म्हणाले, "हे आपलं व्हय." एवढंच. पुढे काही सांगितलं नाही. मी मोठी झाल्यावर पुस्तकांतून बाकीचं वाचलं, पण त्या तीन शब्दांपुढे ते फिकं वाटलं. म्हणून दर वर्षी टेपाडावर बसून आम्ही डबा खात असू.

त्या वर्षी आम्ही गेलो ते लेकीच्या लग्नानंतर बाराव्या दिवशी. पाहुणे गेल्याने घर रिकामं झालं होतं, लेक आणि जावई फिरायला गेले होते, आणि मला त्या सुन्या खोल्यांत करमत नव्हतं.

टेपाड दिसायच्या आधी वास आला. नदीचा नव्हता. आंबलेलं, गोडूस, जड काहीतरी. मिस्टर म्हणाले, "जनावर मेलं असन कोनतं." मी ओढणी नाकाला बांधली. पुढे गेलो तर टेपाडाच्या मागच्या अंगाला, जिथे पाटी आहे तिथेच, ढीग पडलेला. चंदेरी मुलाम्याचे द्रोण, थर्माकोलची ताटं, फाटलेल्या काळ्या पिशव्या, त्यांतून बाहेर आलेला भात. भातावर निळा-काळा बुरा. पनीरच्या भाजीचा तेलकट गोळा, त्यात पांढऱ्या अळ्या हलत होत्या. गुलाबजामावर माश्या एवढ्या की जाम दिसतच नव्हता. दोन कुत्री आत शिरून खात होती, आणि एक पांढरी गाय, हाडं निघालेली, द्रोण चावत उभी होती. द्रोण तिच्या तोंडातून अर्धा बाहेर लोंबत होता.

"छी," मी म्हणाले. "मानसं आहेत का डुकरं? इथं आनून टाकाव? या जागेवर?" मी बराच वेळ बोलत राहिले. लोकांची अक्कल, लोकांची लाज, सगळं काढलं. मिस्टर खाली वाकून काहीतरी बघत होते. मग त्यांनी पायाने एक बाटली सरकवली.

पाण्याची छोटी बाटली होती. तिच्यावर कागदी लेबल, आणि लेबलावर माझी लेक, जावयाच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. गालावर भाजीचा पिवळा डाग वाळला होता.

अशा बाटल्या तिथे शेकडो होत्या. ती लेबलं मीच निवडली होती. मिस्टरांना नको होतं, लेकीलाही फारसं नको होतं. माझ्याच एका मैत्रिणीच्या घरी पाहिलं होतं, म्हणून मला हवं होतं.

शिव्या दिलेलं तोंड माझंच होतं, आणि त्या तोंडाने हेच अन्न खाल्लं होतं. आग्रह करकरून वाढलं होतं.

एवढ्यात झाडांतून एक म्हातारी आली. हातात काठी, अंगात पुरुषी स्वेटर. गाय तिचीच. तिचं गाव पाण्याखाली गेलेल्यांपैकी, राहते नव्या वस्तीत, पण चारायला अजून इकडेच येते, असं तिने सांगितलं. तिने गाईच्या तोंडातला द्रोण ओढून काढला आणि फेकला.

"कोनाचं हो हे?" मिस्टरांनी तिला विचारलं.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या सहज. जणू त्या ढिगाशी आमचा काही संबंधच नव्हता.

"कोनास ठाऊक," म्हातारी म्हणाली. "टेम्पो आला अन् ओतून गेला. हे पोरगी कोन व्हय मले मालूम नाही, पन रोज तोंड पायतो मी इचं." तिने एक बाटली काठीने उलटी केली. "माया गायीनं प्लास्टिकच्या किती पन्न्या गिरल्या, मोजता नाही येत."

"असतीन कोनी भंडाऱ्याकडचे," मिस्टर म्हणाले. "आजकाल लोकाले काही वाटतच नाही."

मला त्या वासापेक्षा या वाक्याची शिसारी आली. तीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, तो माझ्यासमोर उभा राहून खोटं बोलत होता, आणि त्याहून वाईट म्हणजे मला आतून सुटल्यासारखं वाटलं होतं. चला, निभावलं.

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी सैल केली होती. ती बाटलीकडे बघायची, माझ्याकडे बघायची.

"बाई, नाक तं तुमच्यावानीच हाय इचं."

"माझी लेक आहे," मी म्हणाले.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "असं व्हय," आणि गाईला हाकलत थोडं दूर जाऊन बसली.

मी तिथूनच जेवणवाल्याला फोन लावला. चांगला मुलगा, लग्नात दहा वेळा पाया पडला होता. मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "काकू, जंगलात टाकला ना. कोनाच्या दारात तं नाही टाकला. तिकडे कोनी जातच नाही."

मिस्टर म्हणाले, "चल, पवनीले जाऊ. उद्या पाहू काय कराचं ते."

"तुमी जा," मी म्हणाले. ते माझ्यासाठी थांबून राहिले, आणि शेवटी मी सायकलवर बसले, पण पवनीपर्यंत त्यांच्या पुढेच राहिले. वाटेत लेकीचा फोन आला. "आई, राइड कशी झाली?" मी म्हणाले, "छान." त्या दिवशी खोटं बोलण्याची माझीही पाळी आलीच.

नणंदेच्या घरी मी जेवले नाही. तिच्या शेतावरचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली मागितली. ती हसली, "वहिनी, तुमी कचरा उचलान? माया भाऊ कृषी खात्यात होता, मानसं लावा ना." पण मिस्टर मध्येच म्हणाले, "आमीच उचलतो." दिवसभरात त्यांचं तेवढंच वाक्य मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं, ट्रॅक्टरवाला, फावडी आणि रबरी मोजे. फावड्याने वरचा थर काढला की खालून वाफ निघायची. अळ्या मोज्यांवर चढायच्या. मी दोनदा उलटी केली, दुसऱ्यांदा त्या टेपाडाच्या विटेला हात टेकून. विटेला हात लावताना मोजा काढायचं भानही राहिलं नाही. मिस्टर ट्रॉली भरत होते. त्यांचे डोळे लाल झाले होते, वासाने की कशाने ते मी विचारलं नाही. म्हातारी आली आणि काठीने द्रोण गोळा करून देऊ लागली. बाटल्या मी स्वतः वेचल्या. लेबलं ओली होऊन सुटली होती. लेकीचा चेहरा माझ्या मोज्याला चिकटून यायचा आणि मी तो झटकायची.

दुपारी ट्रॉली भरली तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "आता हे टाकाचं कोठी?"

आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आयुष्यभर रोज कचरा केला, पण तो जातो कुठे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी नेला तर तिथल्या माणसाने हात हलवून परत पाठवलं, बाहेरचा कचरा घेत नाही म्हणाला. त्याच्या मागे ढिगाला आग लागली होती आणि उतारावरून काळं पाणी नाल्यात जात होतं. नाला कुठे जातो ते सांगायची गरज नाही. शेवटी सडलेलं अन्न नणंदेच्या बांधावर खड्डा करून पुरलं. बाटल्या भंगारात दिल्या. ताटं आणि द्रोण पोत्यांत भरून ट्रॉलीतून भंडाऱ्याला आणले, आणि घंटागाडीत रोज थोडे थोडे देत राहिले, चोरासारखी. ते कुठे गेले असतील याचा अंदाज मला आहे.

अंघोळी केल्या, नखं घासली, सायकलींचे टायर फिनाइलने धुतले. तरी कितीतरी दिवस भाताचं झाकण उघडलं की तो वास यायचा.

लेक परतल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तिथे आजोबा तुला घेऊन गेले होते ना?" मी मान हलवली. तिने लग्नातली उरलेली बाटल्यांची पेटी पलंगाखालून काढली आणि एकेक लेबल नखाने खरवडू लागली.

महिन्याभराने आम्ही पुन्हा त्या रस्त्याने गेलो. म्हातारी भेटली, पण गाय सोबत नव्हती. पोट फुगून मेली म्हणाली. डॉक्टर आला होता, चिरल्यावर आतून पन्न्यांचा गोळा निघाला, एवढा. तिने दोन्ही हातांनी आकार दाखवला.

मिस्टरांनी तिच्यासमोर हात जोडले. "खोटं बोललो होतो त्या दिवशी," ते म्हणाले.

"ठाऊक होतं मले," ती म्हणाली, आणि तंबाखू मळत पाण्याकडे बघत राहिली. आम्ही डबा उघडला नाही. तिथे उभंही राहवेना आणि निघवेनाही. शेवटी मी चप्पल काढली, टेपाडाच्या मागे गेले आणि गवतात अडकलेले चंदेरी तुकडे वेचू लागले. अजून पुष्कळ होते.