एकशे तीन मीटर

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या मैदानावर बुटाची नाडी बांधत होते. रविवारची सकाळ. ती पाच दिवसांपासून दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळी सलाईन लावलेला हात उशीवर तसाच ठेवून तिनं मला दम भरला होता, "नागा करू नको. मी उठल्यावर पाहीन तुझे पाय." म्हणून मी एकटीच गेले होते. फोनवर तिची मुलगी होती. "मावशी, आई गेली..." पुढचं मला ऐकू आलं नाही. डेंग्यू झाला होता. हे मुद्दाम लिहिते, कारण तिच्या ऑफिसातल्या दोघांनी स्मशानातच सुरू केलं होतं, की एकोणपन्नासाव्या वर्षी बाईमाणसानं पळावं कशाला, ताण आला असणार. ताण नाही, डास. ती शंभर मीटर पळून दाखवत होती तेव्हा हे दोघं ऑफिसचा एक मजला चढताना मधे थांबून दम खात होते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, बुद्धवंदना झाल्यावर, आमचे शाळेतले खेळाचे सर बोलायला उभे राहिले. आता निवृत्त आहेत, पांढरा सफारी घालतात आणि नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत कुठंही शिट्टी वाजली की व्यासपीठावर असतात. म्हणाले, "हा हिरा मी ओळखला. निर्मलाला मीच घडवलं." लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. उठून बोलायला हवं होतं. मी सतरंजीचा धागा उपसत बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात सरांचं नाव फोटोसह आलं. ते कात्रण त्यांनी फाइलला लावलं असणार, कारण तशी फाइल ते बाळगतात आणि समोरच्यानं मागितली नाही तरी दाखवतात. म्हणून हा लेख. याला कुणी श्रद्धांजली म्हणू नये. यातली श्रद्धा निर्मलाची, बाकीचं सगळं सरांचं.

आम्ही दोघी अर्धापूरच्या. आमची केळीची बाग होती आणि निर्मलाचे वडील तिथं घड उतरवायच्या कामावर येत. शाळेत मात्र आम्ही एका बाकावर होतो. तेव्हा आमच्या मैदानावर शर्यतीला सुटताना पाय रोवायला मातीत दोन खड्डे करावे लागत, पुढचा उथळ, मागचा जरा खोल. निर्मला ते खुरप्यानं असे खांदायची की पाय त्यात गच्च बसायचा. स्वतःचे झाले की माझेही तीच खांदायची, कारण माझ्या हाताला तेवढी अक्कल नव्हती. अनवाणी पळायची आणि शाळेतल्या पोरांना मागं टाकायची. मी दुसरी-तिसरी यायचे, तीही तिनं खांदलेल्या खड्ड्यांच्या जोरावर.

दहावीत जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी यादी लागली. शंभर मीटरपुढं निर्मलाचं नाव होतं, त्यावर निळ्या शाईची रेघ, आणि वर माझं नाव. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरांना नांदेडला न्यायला माझ्या वडिलांनी केळीचा टेम्पो दिला होता. निर्मला विचारायला गेली तेव्हा मी तिच्या शेजारी उभी होते. सर यादीवरून मान वर न करता म्हणाले, "तुला काय कमी आहे? तुमच्या लोकांना नोकऱ्या राखीव आहेत. पळून काय करायचंय?" बोलायची पाळी माझी होती. "सर, तीच जाईल," एवढे तीन शब्द होते, आणि ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. नांदेडला मी माझे खड्डे स्वतः खांदले, मागचा पाय सुटतानाच घसरला, मी शेवटची आले. सोमवारी तिनं विचारलं, "कितवी आलीस?" मी म्हणाले, "तिसरी." ती म्हणाली, "बरं झालं. शाळेचं नाव तरी झालं."

मग तेहतीस वर्षं गेली. निर्मला पाटबंधारे खात्यात कारकून झाली. परीक्षा देऊन झाली, हेही लिहून ठेवते. मी नायगावजवळच्या एका शाळेत शिक्षिका झाले. दोघींची घरं नांदेडातच, लग्नकार्यात भेटायचो, साड्यांबद्दल बोलायचो आणि त्या यादीबद्दल कधीच नाही. एका दुपारी ती माझ्या घरी आली, चपला काढायच्या आधीच तिनं एक पत्रक माझ्या हातात ठेवलं. लातूरला प्रौढांच्या धावण्याच्या स्पर्धा, पदकं सरांच्या हस्ते. "वाचलंस? ते मेडल मला त्याच्या हातानं गळ्यात पाहिजे," ती म्हणाली. "मला बघून त्याचं तोंड कसं होतंय ते पाहायचंय. अन् तू बी पळायचं." मी म्हणाले, "अगं, माझे गुडघे..." तर म्हणाली, "गुडघे मला बी हायेत. तुला हरवल्याबिगर माझं गाडं पुढं जायचं न्हाई."

मैदानावर शंभर मीटरच्या खुणा नव्हत्या. तिनं केळीच्या झाडांना आधाराला बांधतात ती निळी दोरी आणली आणि घरी बसून शिवणकामाच्या टेपनं शंभर मीटर मोजून घेतली. दोन टोकांना दोन खुंट्या, मधे आम्ही. पहिल्या महिन्यात मन पंधरा वर्षांचं असायचं आणि मांडी अठ्ठेचाळीस वर्षांची. तिची मांडीची शीर दोनदा धरली, माझी पोटरी. शेवटचे वीस मीटर तर कुणीतरी मागून पदर धरल्यासारखे जायचे. मुलीची ट्रॅकपँट घालून ती पळायची, आणि ऑफिसात कुणी "बाई, कोन मागं लागलंय?" असं विचारलं की सांगायची, "मीच एकाच्या मागं लागून राहिले." पळणाऱ्या आम्ही दोघीच, पण मी दमून खुंटीपाशी पोचले की ती कमरेवर हात ठेवून ओरडायची, "आली गं आली, तिसरी आली!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी जागीच थांबले. ती म्हणाली, "त्याच हप्त्यात कळलं होतं मला. टेम्पोतल्या पोरींनी सांगितलं." तेहतीस वर्षं तिनं ते पोटात ठेवलं होतं! त्यानंतर वर्षभर, दर रविवारी, ती मला हरवत राहिली आणि तिसरी म्हणत राहिली. सूडच होता तो. मला तो हवा होता, खरं सांगायचं तर त्यासाठीच मी पहाटे उठायचे.

लातूरला ती पहिली आली, दुसरीला पार मागं टाकून. मी पुन्हा शेवटची, पण या वेळी कुणाची जागा न घेता. रेषा ओलांडल्यावरही ती तशीच जोरात पळत राहिली, आणि मग गोंधळून मागं बघायला लागली. व्यासपीठावर सरांनी पदक तिच्या गळ्यात घातलं. तिनं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "ओळखलं का, सर?" सर हसले. "अरे, कसं नाही! अर्धापूरची ना तू? तुझ्या वडिलांचा टेम्पो होता... लई मोठ्या मनाचा माणूस." आणि फाइल उघडून तिला कात्रणं दाखवायला लागले. मी खाली उभी राहून निर्मलाचं तोंड पाहत होते. ज्या क्षणासाठी ती वर्षभर पळाली, त्या क्षणी सरांनी तिला माझ्या बापाची लेक करून टाकलं.

परतीच्या एसटीत अहमदपूर येईपर्यंत ती पदकाची फीत बोटाला गुंडाळत-सोडत राहिली. मग पदक पर्समध्ये टाकत म्हणाली, "त्याला ठाऊकच न्हाई गं. रेघ मारली अन् इसरून गेला. एवढं वैर मी एकटीनंच पोसलं." मी म्हणाले, "पुढच्या वर्षी..." ती म्हणाली, "हाव. पुढच्या वर्षी त्याला आठवायला लावू. मेडल नको मला आता, त्याला आठवलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मला तिचं ते रेषेनंतर पळणं आठवलं. शाळेतली लोखंडी टेप आणून आम्ही दोरी मोजली. एकशे तीन मीटर! तिची शिवणाची टेप आईच्या काळातली, ओढून ओढून लांबलेली. वर्षभर आम्ही तीन मीटर जास्तीचे पळत होतो. मला वाटलं ती चिडेल. ती खुंटीवर हात ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मला कधी शंभरावर सोडलंय का कोनी? ऱ्हाऊ दे, कापू नको."

तिनं हातानं खांदलेले खड्डे कधीच बुजले, पदक तिच्या मुलीकडं आहे. दोरी माझ्याकडं. दाराआडच्या खिळ्याला वेटोळं करून टांगलेली असते, आणि मी ती कापलेली नाही. ही पुरवणी रविवारी निघते, म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी दोरी ताणून एकटी पळत असेन. शेवटच्या खुंटीपाशी मला तिसरी म्हणणारं कुणी नसतं... ते मी स्वतःच म्हणते.

आणि सर, तुम्हीही वाचत असाल. तुमच्याबद्दल काही छापून आलंय असं कुणीतरी कळवलंच असेल. कात्री घेऊन बसला असाल, पहिल्या ओळीपासून स्वतःचं नाव शोधत. एव्हाना यादीही आठवली असेल आणि निळी शाईही. तुमचं नाव यात कुठंही नाही. माझंही नाही, लेखाखालीसुद्धा छापू नका असं मी संपादकांना कळवलं आहे. ही यादी या वेळी मी केली आहे, आणि तिच्यात एकच नाव आहे. निर्मला.