चौथ्या प्रयत्नाला पंट!

मैदानाच्या कडेला गप्प उभ्या राहणाऱ्या माणसाजवळ किस्से आपोआप साठतात. बोलणारे बोलून विसरून जातात, ऐकणाऱ्याच्या खिशात ते तसेच राहतात. माझे खिसे आता फारच जड झालेत. थोडे रिकामे करतो.

मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आलो कारखान्यात मशीन चालवायला. शिक्षण सातवी. रिटायर झाल्यावर घरी बसवेना. घराजवळच्या मैदानावर विद्यापीठाच्या पोरांची टीम अमेरिकन फुटबॉल खेळते. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, एकमेकांच्या अंगावर धडका, तोच तो खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही गेलात, तर चेंडू समोरच्यांचा. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्यांमध्ये एक साखळी असते. तिची एक काठी धरायला त्यांना माणूस हवा होता. म्हटलं, धरतो.

पहिल्याच दिवशी अंपायरने बजावलं, "मिस्टर शेलार, साखळीवाला तटस्थ असतो. ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, कुणाला काही सांगायचं नाही."

घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं तुम्ही घरात कुणाची बाजू घेतली नाहीत. आता तेच काम बाहेरही मिळालं होय!"

* * *

टीमचा कोच योर्ग. पोटासाठी तो इमारतींमधल्या लिफ्टची तपासणी करतो. आमच्या बिल्डिंगमध्ये आला होता. लिफ्ट तपासली, सही केली, कागद चिकटवला, आणि सहा मजले जिन्याने उतरला!

मी विचारलं, "अहो, लिफ्ट चांगली आहे ना?"

"हो, उत्तम आहे."

"मग?"

"जिना जास्त उत्तम आहे."

* * *

आता असा माणूस टीम कशी चालवणार? तीन प्रयत्न झाले की चौथ्याला दोन वाटा असतात. धाडस करून उरलेले यार्ड गाठायचे, नाहीतर चेंडू पायाने लांब मारून द्यायचा. म्हणजे समोरच्यांना निदान दुरून सुरुवात करावी लागते. त्या मारण्याला पंट म्हणतात. योर्ग नेहमी पंट सांगतो. दहा यार्ड उरले, पंट. एक यार्ड उरला, तरी पंट! एकदा वीतभर उरलं होतं. सगळी टीम त्याच्याकडे आशेने बघत होती. त्याने आकाशाकडे बघितलं, ढगांचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "पंट."

पोरांनी एकदा महिनाभर चोरून एक ट्रिक प्ले बसवला. हा त्याला देतो, तो मागे फेकतो, तिसराच पळतो. मग योर्गला मैदानावर करून दाखवला. तो मन लावून बघत होता. पुन्हा करायला लावला. तिसऱ्यांदा करायला लावला. डोळे चमकत होते त्याचे!

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. "फार सुंदर. शनिवारी पंट."

* * *

तो पंट मारायचा आमचा अमेय. पुण्याचा. मास्टर्स करायला आलेला, मला आजोबा म्हणतो. साडेतीन वर्षं त्याचं एकच काम. चेंडू हातात आला की लगेच पायाने लांब.

त्याच्या आईने पुण्यात मॅचचा व्हिडिओ बघितला. फोनवर म्हणाली, "अरे, सगळे त्या चेंडूसाठी जीव टाकतात, आणि तुझ्या हातात आला की तू देऊन मोकळा होतोस! तुला नको असतो का?"

हे सांगताना तो हसला, पण थोडंसंच. मग म्हणाला, "आजोबा, एकदा तरी तो घेऊन पळायचंय. पडलो तरी चालेल."

मॅचच्या आधी योर्ग पळणाऱ्या पोरांच्या बुटांच्या नाड्या तपासतो. प्रत्येकाला दुहेरी गाठ. स्वतः ओढून बघतो. अमेयजवळ आला की मात्र पुढे जातो. एकदा अमेयने आपणहून पाय पुढे केला.

"तुला कशाला?" योर्ग म्हणाला. "तू कुठे पळणार आहेस?"

* * *

ट्रिक प्लेचा नाद मात्र पोरांना सुटेना. टीममध्ये अमेयखेरीज कोल्हापूरचा एक सौरभ होता. दोघांनी ठरवलं, मैदानावर मराठीतच बोलायचं, समोरच्यांना काय कळणार! एका सरावाच्या मॅचमध्ये सौरभ भर मैदानात ओरडला, "मी उजवीकडे दाखवतो आणि डावीकडून घुसतो!"

समोरच्या टीममधल्या एका हेल्मेटातून आवाज आला, "या ना भाऊ, मी डावीकडेच आहे!"

नाशिकचा निघाला. मॅचनंतर माझ्या डब्यातलं थालीपीठही त्यानेच संपवलं.

* * *

एक चूक माझीही सांगतो. सीझनच्या पहिल्या दिवशी मी मैदानाच्या कोपऱ्यात नारळ फोडला. माझ्या दृष्टीने ते शुभ. योर्गने गवतात उडालेली करवंटी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. एखादा तुकडा कुणाच्या गुडघ्यात घुसला तर? अख्खी टीम रांगत रांगत तुकडे शोधायला लागली. योर्गने सगळे तुकडे जोडून बघितले. एक कमी होता. मॅच वीस मिनिटं उशिरा सुरू झाली!

तो तुकडा संध्याकाळी माझ्या बुटात सापडला. मी कुणाला सांगितलं नाही.

* * *

अमेयची शेवटची मॅच. त्याला दूर ब्योब्लिंगेनला नोकरी लागली होती, सोमवारी निघायचं होतं. आम्ही चार गुणांनी मागे, तीन मिनिटं उरलेली. चौथा प्रयत्न, तीन यार्ड बाकी. योर्गने खेळ थांबवला, पोरांना जवळ बोलावलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "पंट!"

पोरांनी माना खाली घातल्या. समोरचा कोच हसत आपल्या खेळाडूंना म्हणाला, "मागे जा, मागे! अकरा वर्षं बघतोय मी याला!"

अमेय निघाला. योर्गने त्याचा दंड धरला. मग तो माझ्यापासून दोन हातांवर ओल्या गवतात गुडघे टेकून बसला आणि त्याने अमेयच्या दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या. कचकचून. अमेय खाली बघत राहिला.

चेंडू आला. अमेयने मारायला पाय उचलला, आणि टेकवला. मग उतू जाणारं दुधाचं पातेलं घेऊन धावावं तसा तो चेंडू छातीशी धरून धावत सुटला! एकाला चुकवलं. दुसऱ्याने पाडलं.

अंपायरने मोजायला बोलावलं. मी काठी घेऊन गेलो. साखळी ताणली. चेंडू काठीच्या दोन बोटं पुढे होता.

पुढचे चार प्रयत्न वाया गेले आणि मॅच आम्ही हरलो. पण आमच्या पोरांचा नाच बघून ते कुणाला खरं वाटलं नसतं.

समोरचा कोच तणतणत आला. "योर्ग, हे कधी ठरवलंस?"

"मी पंटच सांगितला होता," योर्ग म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलंय. पोरगं ऐकत नाही, मी काय करू?"

समोरच्या कोचने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर शेजारीच उभे होता. काय बोलला हा त्याच्याशी?"

"एक शब्दही नाही," मी म्हटलं. "आणि साखळीवाला तटस्थ असतो."

अमेय बाकावर बसून बूट काढायला लागला. गाठी काही सुटेनात. मी प्रयत्न केला, सौरभने केला. शेवटी नाड्या कापाव्या लागल्या.

कात्री योर्गने बॅगेतून आधीच काढून ठेवली होती.