आप्पांच्या चार बाटल्या

माझ्या तोंडाला पहिल्यापासून लगाम नाही. घरच्यांनी ते सोसलं. पण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा मी जे बोलले ते आजही सलतं.

ऐंशीच्या दशकात आम्ही बेळगावात राहायचो, मी विहिरींच्या पाण्यावर प्रबंध करत होते. खडकातून रेडॉन नावाचा वायू पाण्यात उतरतो. जमिनीखालच्या पाण्यात तो भरपूर, ओढ्याच्या उघड्या पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यावरून विहिरीत झऱ्याचं पाणी किती आणि ओढ्याचं किती, ते कळतं. पण बाटली झऱ्याच्या तोंडाशी बुडवूनच भरायची, बूचही पाण्यातच लावायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही. पाणी वरून ओतलं की वायू उडालाच म्हणून समजा.

निपाणीकडच्या आमच्या गावची पायऱ्यांची विहीर माझ्या कामात होती. एका आठवड्यात मी तापानं आडवी. आप्पा कचेरीत शिपाई होते, त्यांनी रजा टाकली. मी जातो की, त्यात काय एवढं, म्हणाले. घरच्या बादलीत मी त्यांच्याकडून दहादा करून घेतलं. पहिल्या एसटीनं गेले आणि दुपारी चार बाटल्या टॉवेलात गुंडाळून परत आले. एकबी बुडबुडा न्हाय बघ, म्हणून उजेडात धरून दाखवल्या. लई खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप असतानाच प्रयोगशाळेत जाऊन मोजलं तर वायू जवळजवळ नाहीच. आदल्या आठवड्यात त्याच विहिरीत भरपूर होता. घरी येऊन मी भडकले. एवढं साधं काम जमत नाही, माझ्या कामाचं वाटोळं केलंत, असलं काय काय बोलले. आई गप्प बस म्हणत होती. शेवटी विचारलं, बाटली बुडवली होती का?

"न्हाय," आप्पा म्हणाले. "एक बाई पाण्याला येईस्तोवर थांबलो. तिनं कळशीनं वरनं वतलं, मी खाली बाटली धरली."

"पण आता कोण अडवतंय तुम्हाला?"

"कोणच न्हाय गं. पायऱ्या उतरलो बी. हातच पाण्यात जाईना."

लहानपणी ते त्याच विहिरीवर भांडं खाली धरून, कुणीतरी ओतेल म्हणून ताटकळत बसायचे. मला काय ठाऊक नव्हतं? चौदा एप्रिलच्या जयंतीला माईकवर तेच सांगून मी टाळ्या घेतल्या होत्या. आणि त्याच विहिरीवर त्यांना एकटं धाडताना माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. लाज वाटली, पण माफी मागायला जीभ वळली नाही. पुढच्या रविवारी मीच जाऊन बाटल्या भरल्या. आप्पा सोबत आले नाहीत.

प्रबंध बांधून आला तेव्हा त्यांनी हात धुऊन तो मांडीवर घेतला.

"माझ्या बाटल्यांचं कुठं लिवलंयस?"

मी पान काढून दिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या ओळीवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं आणि आईला हाक मारून दाखवलं, माझंबी आलंय बघ ह्यात. चार नमुने रद्द, घेणाऱ्याची चूक, एवढंच तिथं लिहिलं होतं. ते जाईपर्यंत मी त्यांना ते सांगितलं नाही.