शंभर ओलांडल्याशिवाय कुणी हलायचं नाही

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी फजिती परळच्या आमच्या कॉलेजात कॅन्टीनपर्यंत गाजलीय, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

झालं काय, वरून फर्मान आलं: आता ॲनालिसिस, म्हणजे अनंत बेरजा-मर्यादांचं गणित, आणि कम्प्युटर एकत्र शिकवायचं. म्हणजे मी इतकी वर्षं खडूने शिकवलेल्या सोवळ्या गणितात आता यंत्र लुडबुडणार! वा, काय प्रगती!

आमच्या विभागप्रमुख प्रधान बाई म्हणाल्या, "सर, एक तास घेऊन दाखवा. जमला तर हा पेपर तुमचा. नाहीतर सावंत मॅडमना देते."

सावंत मॅडम म्हणजे कालपरवा लागलेली, माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी. तिला माझा पेपर? छे! बोलायचं काम नाही.

तासाला बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मी फळ्यावर माझी लाडकी बेरीज मांडली. एक, अधिक अर्धा, अधिक एक तृतीयांश, अधिक पाव... आकडे बारीक होत जातात, पण बेरीज वाढतच राहते. तुम्ही म्हणाल ती संख्या ओलांडते! सिद्धता अशी झोकात केली, की स्वतःलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"आता हेच तुमचं यंत्र कबूल करेल," मी ऐटीत म्हणालो. "श्रुती, लाव बेरीज. शंभर ओलांडल्याशिवाय वर्गातून कुणी हलायचं नाही. मीसुद्धा नाही!"

पहिल्या बाकावरच्या श्रुतीने लॅपटॉपवर चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. दहा चुटकीसरशी झाले. पंधरा झाले. मी बाईंकडे विजयी नजर टाकली. वीस जरा कण्हत आले. एकवीस. बाविसाला मुलांनी जांभया दिल्या. पुढे आकडा हलतोय की नाही, तेच कळेना.

"सर, भूक लागलीय."

"धीर धर रे! सिद्ध झालंय ना? मग ओलांडणारच!"

"सर," श्रुती हळूच म्हणाली, "मी अंदाज काढला. शंभर व्हायच्या आधी सूर्य विझेल."

"विझू दे! प्रमेयाला काय पडलंय सूर्याचं?"

काय बाणेदार उत्तर! बेल झाली, दारात फिजिक्सची मुलं जमली, आणि मी आपला खुर्चीला चिकटून. प्रधान बाई उठून पुढे आल्या.

"सर, ओलांडणार, हे मान्य. पण कधी?"

कधी? अहो, ॲनालिसिसमध्ये आजवर मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता! 'ओलांडते' म्हटलं की आमचं काम संपतं. पुढे वाट बघायची ती जगाने. खरं सांगतो, लाज वाटली.

शेवटी मीच पडलेल्या चेहऱ्याने बटण दाबून बेरीज थांबवली.

पेपर अर्थातच सावंत मॅडमना गेला. वर बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्हीही त्यांच्या वर्गात बसा, बरं पडेल."

मी सूड म्हणून विचारलं, "हो का? कधीपासून?"

"सोमवारपासून. सकाळी आठला. आणि प्रॅक्टिकलसुद्धा करायचं."