लिंबाजीकाकांचा अल्बम

चहा टाकलाय ना? मग उकळी येईपर्यंत मीच सांगून टाकतो. हाच किस्सा रफिकभाईंच्या तोंडून ऐकलात, तर ते त्याला इतकं तिखटमीठ लावतील की मला लातूर सोडून जावं लागेल! फजिती माझी, तर ती सांगायचा पहिला मानही माझाच. न्हाई का?

आधी मी कोण ते ऐका. लातूर नवा नवा जिल्हा झाला, हापिसांच्या पाट्यांचा रंग अजून वाळायचा होता, त्या वर्षी आम्ही तिघांनी बँड काढला. मी सुदाम, इलेक्ट्रिक गिटार आणि गाणं. रफिकभाई आधी पेटीवर, पुढं कीबोर्डवर. दत्ता ड्रमवर. खांद्यापर्यंत केस, बेलबॉटम, आणि पाटीवर मोठ्या अक्षरात 'लातूर जिल्ह्यातला पहिला रॉक बँड'. आता जिल्हाच कालचा, तर दुसरा बँड येणार कुठून?

लग्नं, वराती, जयंत्या, गणपती, शाळेची गॅदरिंग, सगळं वाजवलं. त्या दोघांचे केस पांढरे झाले, माझे तर गेलेच, पण बँड टिकला.

मग तो दुष्काळ आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते वर्ष आठवतंय ना? प्यायला पाणी न्हाई तिथं बँडला कोण बोलावतंय? आम्ही तिघं रफिकभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात माश्या मारत बसायचो. एक दिवस रफिकभाई मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणाले,

"सुदामभाऊ, हे बघा. विलायतेतले रॉकवाले. आपल्यापेक्षा म्हातारे. काय करून राहिले माहितेय? पोरवयात ज्यांची गाणी ऐकून शिकले, त्यांचीच गाणी परत म्हणून अल्बम काढून राहिले."

"का? सोताची संपली?" दत्तानं विचारलं.

"अरे, शुक्रिया म्हणून! उस्तादाची याद म्हणून!"

मी ताडकन उठून उभा राहिलो. आपला उस्ताद कोण? लिंबाजीकाका!

लिंबाजीकाका निलंग्याकडच्या एका खेड्यातले. वर्षभर रानात मजुरी करायची आणि जयंतीचे दिवस आले की गायन पार्टी घेऊन गावोगाव फिरायचं. पोरींना शाळेत घाला, दारू सोडा, पाणवठ्यावर मान ताठ ठेवा, असली त्यांची गाणी. मला मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून मी त्यांच्या मागं कोरसला. आवाज कुठं लावायचा, दम कुठं चोरायचा, माईकच्या किती जवळ जायचं, सगळं त्यांनी शिकवलं. घेतलं काहीच न्हाई. उलट काकूंच्या हातची भाकर खाऊन मी गाणं शिकलो. गिटार मागून आली हो, गळा त्या माणसानं दिला. त्यांचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार होतो?

आम्ही तिघं त्यांच्या गावी गेलो. काका लई थकले होते. आवाज बसलेला, नजर मंद. अल्बमचं ऐकून आधी हसले, मग गंभीर झाले.

"कर बाबा. मला बाकी काय नको. पण माझा चुलतभाऊ हाय ना, त्यो सोपान, त्यो जवानीपासून गावभर सांगत फिरतो, 'लिंब्याला कुठलं सुचतंय? कुठून तरी ऐकून आणलीत गाणी.' जायच्या आधी एकदा गावासमोर कळू दे, गाणी माझी हायत."

"काका, बिलकुल काळजी करू नका," मी छाती ठोकून म्हणालो. "गाणी कुणाची ते अख्ख्या गावाला कळतंय बघा!"

हे माझं वाक्य ध्यानात ठेवा. ते फिरून माझ्याच टाळक्यात बसणार हाय.

गाणी मला तोंडपाठ. आमच्या बँडमध्ये मी ती इतकी वर्षं गिटारवर म्हणतच आलो होतो. तरी घरी तालीम सुरू केली. आमची ही, म्हणजे शांता, ज्वारी निवडत ऐकत होती. एकदम म्हणाली,

"आहो, गाणी काकांची ना? मग ते शेवटच्या ओळीत तुम्ही..."

"तुला गाण्यातलं काय कळतं?"

"न्हाई कळत. पण मी म्हणते..."

"चहा टाक."

तिनं मुकाट्यानं चहा टाकला. बायको एवढ्या मुकाट्यानं उठते तेव्हा काहीतरी चुकून राहिलंय, हे संसारी माणसाला कळायला पाहिजे. मला कळलं का? छे!

नांदेडला एका ओळखीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग केलं. काय सांगू, असा मी जन्मात गायलो न्हाई! दत्तानं ड्रम असा वाजवला की स्टुडिओवाल्यानं काचेआडून हात जोडले. अल्बमच्या कव्हरवर काकांचा मोठा फोटो लावला. आमचे तिघांचे फोटो खाली कोपऱ्यात, एवढे एवढे. नम्रपणा म्हणजे नम्रपणा!

काकांना आधी काही ऐकवायचं न्हाई असं ठरलं. एकदम गावासमोर ऐकवायचं. थेट धक्का!

विहारासमोर मांडव घातला, भोंगे बांधले. आम्ही पोचलो तर अख्खं गाव हजर. बाया, बापे, म्हातारे, लेकरं. माझा ऊर भरून आला.

"रफिकभाई, बघितली गर्दी? ह्याला म्हणतात प्रेम!"

"भाऊ, हातातल्या घागरी बघा. टँकर येणार हाय."

तेव्हा मला दिसलं, माणशी एक घागर होती. सोपानराव तर पहिल्या रांगेत घागर पालथी घालून तिच्यावरच बसले होते. टँकर वेळेवर आला असता ना, तर माझी इज्जत वाचली असती. पण टँकर कधी वेळेवर येतो का हो?

पांढरंशुभ्र धोतर नेसून काका खुर्चीवर बसले. मी माईक धरला. "ह्या गाण्यांतला शब्द न् शब्द आमच्या लिंबाजीकाकांचा हाय!" टाळ्या पडल्या. काकांनी मान वळवून सोपानरावांकडं एकदा बघून घेतलं. मी रफिकभाईंना खूण केली आणि भोंग्यातून माझाच आवाज गावभर घुमला.

"टाक शेणाची पाटी, पोरी, घे शाळेची पाटी..."

बाया माना डोलवायला लागल्या. मीही डोळे मिटून डोलत होतो. शेवटची ओळ आली.

"सांगे सुऽदाम, उजेड सारा आहे तुझ्याचसाठी!"

दुसरं गाणं लागलं. त्याच्याही शेवटी 'सुदाम म्हणतो'. तिसऱ्याला 'ऐका सुदामाचं'. मी अजून डोलतोय! डोळे उघडले तेव्हा सोपानराव घागरीवरून उठून उभे राहिलेले.

"थांबवा जरा! ह्यो सुदाम कोण?"

"मीच की!" मी हसत म्हणालो.

"गाणी कुणाची?"

"काकांची!"

"मग नाव तुझं कामून?"

"आता म्हणणारा मी, तर नाव माझंच येणार ना? पुढं उभा राहून म्हणणाऱ्यानं शेवटी आपलं नाव घालायचं. रिवाजच हाय तो!"

मग सोपानराव गावाकडं वळून म्हणाले, "म्या इतकी वर्सं घसा फोडून सांगून राहिलो, गाणी लिंब्याची न्हाईत. घ्या! आज भोंग्यावर वाजलं!"

रफिकभाई माझ्या कानाशी आले. "भाऊ, खरं सांगू? मला आजपर्यंत वाटायचं, ही गाणी तुम्हीच लिहिलीत. नुसतं मोठेपणानं काकांचं नाव घेता."

"मला बी," दत्ता म्हणाला.

मी काकांकडं बघितलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांच्याकडं ना वही, ना छापील पुस्तक. गाणं त्यांचं हाय ह्याची खूण एकच, शेवटच्या ओळीतलं नाव. आणि ते मी एकेका गाण्यातून साफ पुसून भोंग्यावर वाजवलं होतं!

काका काठी टेकत माईकपाशी आले.

"सुदाम्या, असला रिवाज तुला कुणी सांगितला?"

"काका, तुम्हीच की! देवणी गावच्या जयंतीत मला एकदाच काय ते पुढं उभं केलंत आणि कानात म्हणालात, शेवटाला तुझं नाव घाल."

काकांनी कपाळावर हात मारला.

"अरं येड्या, त्या दिशी तुझा बा पुढं बसला व्हता! पोरगं गाण्यापायी वाया गेलं म्हून तुला ओढत न्यायला आलता. म्या म्हणलं, पोराचं नाव एकदा भोंग्यावर ऐकू दे त्याला, म्हंजी राग उतरंल. त्या दिवसापुरतं दिलतं तुला! तू कायमचंच ठेवून घेतलंस व्हय रं?"

मांडव हसून हसून लोळायला लागला. मी मात्र तिथल्या तिथं खाली बसलो. मला तो दिवस आठवला. बाप मुठी आवळून आला होता आणि गाणं संपल्यावर नुसतं "बरं म्हणलास" एवढंच बोलला होता. पुन्हा मला गाण्यावरून कधी अडवलं न्हाई. मी जन्मभर समजत होतो, माझ्या आवाजानं बाप विरघळला! आवाज कसला? काकांनी स्वतःचं नाव काढून माझं घालायला लावलं होतं. माझा बँड, माझा संसार, सगळं त्या एका ओळीवर उभं राहिलंय. लाज सोडून सांगतो, मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून सगळ्यांसमोर रडलो.

सोपानराव डोकं खाजवत पुढं आले.

"लिंब्या, लोकाच्या पोराला सोताच्या नावाची जागा देऊन टाकायचा येडेपणा तूच करू शकतोस. गाणी तुझीच हायत, मानलं. म्या खामखा तुला चोर म्हणून राहिलो. चोर तर ह्यो निघाला!"

काका पोट धरून हसले. मग काठी आपटून म्हणाले, "ऊठ आता. म्हण परत. माझं नाव घालून म्हण."

गिटार निघाली. रफिकभाईंनी रेकॉर्डिंगला मोबाईल लावला. मी गायलो, मन लावून गायलो, शेवटची ओळ आली आणि... "सांगे सुऽदाम!"

"आऽऽ!" अख्खं गाव ओरडलं.

"सवय हाय हो!" मी कळवळून म्हणालो. दुसऱ्यांदा सुरू केलं. मनात 'लिंबाजी लिंबाजी' असा जप चालू. ओळ आली. "सांगे सुऽ..." गाडीला जुंपलेला बैल कासरा न ओढता गोठ्याकडं वळतो, तसा गळा आपोआप वळला. लेकरं तर घागरी बडवून नाचायला लागली.

तिसऱ्या वेळी काका स्वतः माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी गात होतो, ते माझ्या ओठांवर नजर ठेवून. शेवटची ओळ आली, मी नुसता "सां" म्हणालो, तोच त्यांनी मजुरीनं घट्टे पडलेला आपला हात गच्च माझ्या तोंडावर दाबला. आणि त्या बसलेल्या, चिरकलेल्या आवाजात गायले,

"सांगे लिंबाजी, उजेड सारा आहे तुझ्याचसाठी!"

सगळ्या गावानं कोरस धरला, सोपानरावांनी सगळ्यात मोठ्यानं. टँकर येऊन हॉर्न वाजवत होता, तरी गाणं संपेपर्यंत कुणी उठलं न्हाई.

घरी आल्यावर शांताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चहा टाकू?"

पुढं काकांना नांदेडला नेऊन बाकीची गाणी नव्यानं केली. काका स्टुडिओत माझ्या शेजारी स्टुलावर बसायचे, हात तयार ठेवून. पण लोकांना आवडतं ते रफिकभाईंनी मोबाईलवर धरलेलं मांडवातलंच गाणं. जयंतीला आता सगळीकडं तेच वाजतं, लिंबाजीकाकांचं गाणं म्हणून. लोक मला विचारतात, "भाऊ, ह्यात तुम्ही कुठं हाव?"

मी सांगतो, शेवटच्या ओळीला नीट कान द्या. काकांचा आवाज लागायच्या आधी 'मम्म्' असं ऐकू येतं ना? तो मी.